जात नव्हे, वजन

मंडळी, चिमीला घेऊन मी सकाळी ठाकूरद्वारहून चौपाटीकडे निघाले की वाटेत निदान तीन जण थांबवून एकच प्रश्न विचारतात, "हिची जात कोणती?" तिची आई स्पिट्झ, आपल्याकडे ज्याला सर्रास पॉमेरेनियन म्हणतात, तो बहुधा हा भारतीय स्पिट्झच असतो. बाप गल्लीतला, म्हणजे ज्या कुत्र्यांना सरकारी हुकमाने मारू लागल्यावर १८३२ साली याच शहरात पारशी मंडळी रस्त्यावर उतरली आणि दंगल उसळली, त्या मुंबईकर कुत्र्यांपैकी. हे सांगताना मला अभिमान वाटतो. शेपटीचा झुपका आईचा, लांब पाय बापाचे. पण एवढे ऐकूनही समोरच्याला चिमीच्या देखभालीविषयी काही कळलेले नसते. म्हणून माझे म्हणणे असे, की लहान मिश्र कुत्र्याची जात विचारण्याआधी वजन विचारावे.

हे मी शिकले ते एका जुलैच्या रात्री. पावसाळ्यात गोचिडांचा उपद्रव वाढला होता आणि आमच्या मजल्यावरच्या लॅब्रेडोरवाल्या काकूंनी मानेवर सोडायच्या औषधाची उरलेली नळी मोठ्या मायेने आणून दिली. नळीवर '२० ते ४० किलो' असे बारीक अक्षरांत छापलेले होते. ते न वाचता मी अर्धी नळी चिमीच्या मानेवर रिकामी केली. तासाभरात तिच्या तोंडातून लाळ गळू लागली, छातीवरचे केस चिकट ओले झाले, आणि ती मोरीच्या कोपऱ्यात तोंड घालून थरथरत बसली. डॉक्टरांना फोन लावला, तेव्हा त्यांचा पहिला प्रश्न होता, "वजन किती?" मी म्हणाले, "पॉमेरेनियनसारखी आहे." त्यांनी पुन्हा शांतपणे विचारले, "किलो किती?" मला सांगता येईना. त्यांच्या सांगण्यावरून भांडी घासायच्या साबणाने तिची मान दोनदा धुतली, मग तिला टॉवेलात गुंडाळून टॅक्सीने दवाखान्यात नेले. तिथल्या काट्यावर आकडा उमटला, ६.२. चिमी दोन दिवसांत सावरली, पण त्या रात्री मोरीत तिच्याजवळ बसून काढलेले तास मी विसरलेले नाही.

त्या आकड्यात सगळे दडलेले आहे. सहा किलोच्या कुत्र्याचे वजन एका किलोने वाढणे म्हणजे साठ किलोच्या माणसाचे दहा किलोंनी वाढणे. चाळीत हे फार लवकर घडते, कारण चिमी प्रत्येक दारात जाते आणि प्रत्येक दारातून तिला पोळीचा तुकडा, बिस्किट, शिऱ्याची बोटभर चव मिळते. शिऱ्यातल्या बेदाण्यांनी कुत्र्याची मूत्रपिंडे निकामी होऊ शकतात, आणि चॉकलेट व कांदा-लसूणही त्याला विषारी. जी मात्रा मोठ्या कुत्र्याच्या अंगी कदाचित निभावेल, ती लहानग्याला झेपत नाही. आम्ही आता दाराला पाटी लावली आहे, 'चिमी जेवली आहे', आणि शेजाऱ्यांनी ती मनापासून पाळली आहे.

अध्यक्षांनी घड्याळ दाखवले आहे, तेव्हा उरलेले भराभर सांगते. दर महिन्याला कुत्र्याला उचलून घरच्या काट्यावर उभे राहावे, मग एकट्याने, आणि वजाबाकी करून आकडा लसीकरणाच्या कार्डावर लिहावा. बरगड्या हाताला लागायला हव्यात. लहान कुत्र्याची श्वासनलिका नाजूक असते, म्हणून पट्टा गळ्याला न बांधता छातीला बांधावा. चालता चालता मागचा पाय उचलून दोनचार उड्या मारून तो पुन्हा टेकत असेल, तर गुडघ्याची वाटी सरकत असण्याची शक्यता असते. ते दाखवून घ्यावे. लहान जबड्यात दातांची दाटी होते, तेव्हा ते रोज घासावेत, मात्र माणसांच्या पेस्टने नव्हे. पावसात साचलेल्या पाण्यातून लेप्टो, म्हणजे लेप्टोस्पायरोसिस हा जिवाणूंचा आजार, होतो. फिरून आल्यावर पंजे धुऊन बोटांच्या बेचक्या कोरड्या कराव्यात.

जंताचे औषध वजनावर ठरते, गोचिडांचेही. रेबीजची लस तेवढी वजनावर नसते: तीन किलोच्या पिल्लाला आणि तीस किलोच्या कुत्र्याला तीच १ मिलिलीटर, पहिली तीन महिन्यांचे झाल्यावर, आणि पुढची डॉक्टर कार्डावर लिहून देतील त्या तारखेला.