नेदरलँड्समध्ये जुनं रांगेतलं घर घेताय? आधी जमिनीखाली बघा!

नमस्कार मंडळी! मागच्या व्हिडिओखाली निम्म्या कॉमेंट्स एकाच धाटणीच्या आल्यात. "ताई, रॉटरडॅमला 1928 चं रांगेतलं घर बघितलंय, घेऊ का?" कुणाचं 1911 चं, कुणाचं 1934 चं. रंगीत काचा, उंच छत, मागे चिमुकली बाग. अशाच फोटोंवर मीही भाळले होते, म्हणून आज बसलेय.

पैशांचं पटकन उरकते, ते तुम्हाला ठाऊकच असतं. बँक घराच्या मूल्यांकनाइतकंच कर्ज देते. त्याहून जास्तीची बोली, नोटरी, 2 टक्के हस्तांतरण कर, सगळं आपल्या खिशातून. पस्तिशी गाठायच्या आत असाल आणि घर ठरलेल्या किमतीच्या खाली असेल तर तो कर एकदा माफ होतो; ती किंमत दरवर्षी बदलते, बघून घ्या. करार हातात पडला की विचार बदलायला तीन दिवस. नंतर मागे फिरलात तर साधारणपणे 10 टक्के दंड. झालं.

आता पाया. हो, परत पाया! "ताई, तुम्ही पायावरच अडकता" असं लिहिणाऱ्या दादांना नमस्कार, तुमच्यासाठीच आहे हे.

रॉटरडॅमकडची जमीन म्हणजे चिखल आणि पीट, म्हणजे कुजलेल्या झाडपाल्याची मऊ माती. घट्ट वाळू बरीच खोल. म्हणून जुनी घरं लाकडी खांबांवर उभी आहेत, जमिनीत ठोकलेल्या. लाकूड पाण्याखाली असेल तोवर शंभर वर्षंही टिकतं. आमच्या आजोबांच्या विहिरीत तळाशी जांभळाचं लाकूड होतं. आजोबा म्हणायचे, बुडालेलं आहे तोवर त्याला मरण नाही. अगदी तेच. भूजल खाली गेलं, खांबांची डोकी उघडी पडली, हवा लागली, की बुरशी धरते. पाणी उतरतं ते कोरड्या उन्हाळ्याने, नाहीतर रस्त्याखालच्या फुटक्या गटाराने. गळकं गटार आजूबाजूचं पाणी ओढून नेतं. पाइनच्या खांबांना तर पाण्याखालीही जिवाणू पोखरतात. त्यामुळे "ताई, नव्वद वर्षं उभं आहे, आता काय पडतंय" हे मला सांगू नका. नव्वद वर्षं पाणी होतं म्हणून उभं आहे!

आणि जाहिरातीत "ऑप स्टाल" वाचून खूश होणारे! मागच्या आठवड्यात एकाने लिहिलं, "आमचं स्टीलवर आहे, टेन्शन नाही." अहो, ते पोलाद नव्हे. त्याचा अर्थ खांबच नाहीत, भिंत थेट जमिनीवर टेकलीय.

आमची गोष्ट सांगते. घर बघायला गेलो तेव्हा लेकीच्या खिशात गोटी होती. जेवणाच्या खोलीत तिने ती सोडली, आणि गोटी निघाली रस्त्याकडच्या भिंतीकडे, थांबायचं नाव नाही. मग मी दारं बघितली. दिवाणखान्याच्या दाराची वरची कड पाचरीसारखी तिरकी तासलेली. चौकट वाकली, दार अडकायला लागलं, कुणीतरी रंधा मारला, वर पांढरा रंग. फोटोत काय दिसणार!

दलाल म्हणाला, पायाचा अहवाल आहे ना. होताच. पाया अजून किमान 15 वर्षं धरेल, असं लिहिलेलं. नवरा म्हणाला, छान. मी पहिलं पान उलटलं. साल 2008. आम्ही उभे होतो 2022 मध्ये. करा वजाबाकी.

घराची जी नेहमीची तपासणी असते, ती डोळ्यांनी दिसेल तेवढीच. छप्पर, ओल, विजेची वायरिंग. पाया त्यात नाही! त्यासाठी खड्डा खणतात, खांबाचं डोकं उघडं करतात, लाकडाचा नमुना प्रयोगशाळेत जातो. अहवाल मागा, आणि तारीख वाचा. तारीख!

बरं, रांगेतलं घर म्हणजे पाया एकट्याचा नसतो. भिंत शेजाऱ्याची, खांब सामायिक. दुरुस्ती सहसा सगळ्या ओळीने मिळून करावी लागते. डावीकडे ऐंशीच्या आजी, उजवीकडचं घर भाड्याने दिलेलं, त्यापुढचं कमी भाड्यात घरं देणाऱ्या गृहनिर्माण संस्थेचं. करा सगळ्यांना राजी. आपल्याकडच्या सोसायटीची वार्षिक सभा आठवा, आणि त्यात प्रत्येकाकडे जवळपास लाख युरो मागायचेत. घरविमा सहसा यात एक पैसा देत नाही. तळमजल्याची जमीन फोडतात, तेवढे दिवस तुम्ही दुसरीकडे. म्हणून बेल वाजवा. आधी शेजाऱ्यांना भेटा, मग बोली लावा. डच माणूस कॉफी देईल न देईल, भिंतीतली भेग मात्र स्वतः दाखवेल.

करारातही हेच. तपासणीत मोठा दोष निघाला तर दंडाशिवाय मागे फिरता येतं, ती तपासणीची अट. बोली जिंकायची म्हणून ती काढून टाका, असं हल्ली सर्रास सांगतात. नव्या घराला एक वेळ ठीक. 1928 च्या घराला? अट काढलीत आणि नंतर खांब कुजलेले निघाले, तर त्याच 10 टक्क्यांवर येऊन थांबाल. रॉटरडॅम महापालिकेचा पायांचा नकाशा ऑनलाइन आहे, पत्ता टाकून बघायला दोन मिनिटं लागतात. घरांच्या जाहिरातींच्या त्या फुंडा वेबसाइटवर रात्र-रात्र जागता, तिथे दोन मिनिटं द्या की!

"मग तुम्ही शेवटी कुठलं घेतलं?" हेही रोज येतं. दोन गल्ल्या सोडून, 1931 चं. संपूर्ण ओळीचा पाया 2004 मध्ये नवा केलेला, कागद नोटरीसमोर ठेवूनच सही केली. फक्त पाया नवा केला म्हणून जुना उतार सरळ होत नाही. लेकीच्या गोट्या अजूनही फ्रिजखालीच सापडतात.