नागलीची आंबील, मार्फत ५६ ए.पी.ओ.

नमस्कार श्रोतेहो.

आमच्या घरी पोळ्यांचा एक जुना स्टीलचा डबा आहे. त्यात गेली पन्नास वर्षं पोळी ठेवलेली नाही. त्यात माझ्या वडिलांनी आईला लिहिलेली त्रेचाळीस पत्रं आहेत. पहिलं ऑक्टोबर १९७१चं आणि शेवटचं मार्च १९७२मधलं. वडिलांना आम्ही दादा म्हणायचो. दादा सैन्यात दंतवैद्य होते.

हे सांगितलं की आजही लोक हसतात. तेव्हाही हसायचे. नाशिकच्या रविवार कारंजाजवळच्या आमच्या वाड्यात समोरच्या बिऱ्हाडातले काका म्हणायचे, "सरकार याला दात काढायचा पगार देतं." लढाईत दंतवैद्याचं काय काम, असं आईलाही वाटत असावं. तिनं कधी बोलून नाही दाखवलं.

काम होतं, हे सैन्यांना फार उशिरा कळलं. १९१४ साली इंग्रजांची फौज फ्रान्समध्ये उतरली, तेव्हा तिच्याबरोबर एकही दंतवैद्य नव्हता. एन नदीकाठच्या लढाईत खुद्द जनरल हेग यांची दाढ ठणकायला लागली आणि पॅरिसहून दंतवैद्य बोलवावा लागला, असं सांगतात. सेनापतीची दाढ दुखली, मग डोळे उघडले! त्याच वर्षाच्या अखेरीला पहिले डझनभर दंतवैद्य आघाडीवर गेले. आपल्याकडे सैन्याचं दंत दल उभं राहिलं ते १ फेब्रुवारी १९४१ला, म्हणजे दुसरं महायुद्ध ऐन भरात असताना.

दादांच्या पत्रांवर गावाचं नाव नाही. पलटण कुठली, तळ कुठं, कूच कधी, यातलं काही लिहायचं नाही हा दंडकच होता. पत्ता एवढाच, हुद्दा, नाव, युनिट आणि खाली मार्फत ५६ ए.पी.ओ., म्हणजे सैन्याचं टपाल कार्यालय. तळ कुठेही हलला तरी फौजी या पत्त्यावर सापडायचा. पण आई हुशार. एका पत्रात दादांनी लिहिलं, "इथली माणसं हसली की दात लाल, सुपारीनं झिजलेले, आणि भात मात्र तीन वेळा." आईनं पत्र खाली ठेवलं आणि आजीला म्हणाली, "बंगालकडे आहेत."

एक सेन्सॉर तिकडे आणि दुसरा इकडे, वाड्यात. पोस्टमननं दारात हाक मारली की पत्र आधी आजीच्या हातात जायचं. आजी, म्हणजे दादांची आई. ते मोठ्यानं वाचलं जायचं, आणि ऐकायला वरच्या मजल्यावरच्या बायकाही जिन्यात येऊन बसायच्या. तेव्हा नवऱ्यानं बायकोला लिहायचं तरी काय? "सौ. हीस सप्रेम आशीर्वाद. मी खुशाल आहे. ती. आईचे गुडघे कसे आहेत?" हे सगळं सगळ्यांसाठी. मात्र आंतरदेशीय पत्राला चिकटवायची जी अरुंद पट्टी असते ना, तिच्या आतल्या बाजूला पेन्सिलीनं दोन ओळी असायच्या. त्या कोणी वाचायच्या नाहीत, आईनं सोडून. मीही वाचलेल्या नाहीत. डबा माझ्याकडे आला तेव्हा आईनं त्या पट्ट्या कात्रीनं कापून घेतलेल्या होत्या. त्रेचाळीसपैकी एकोणचाळीस पत्रांच्या.

आता या कागदाचीही एक गंमत सांगते. आईचे वडील, आमचे आप्पा, नाशिकरोडच्या प्रेसमध्ये होते. इंडिया सिक्युरिटी प्रेस हे पूर्ण नाव बाहेरचे लोक घेतात, आपण 'प्रेस'च म्हणतो. १९२५मध्ये ही प्रेस सुरू झाली, त्याआधी आपली टपाल तिकिटं लंडनहून छापून यायची. तेव्हा तिकिटं, पोस्टकार्डं, आंतरदेशीय पत्रं इथे छापली जायची. म्हणजे आई जे निळं पत्र लिहायची ते आप्पांच्याच प्रेसमधून निघालेलं, सबंध देश ओलांडून दादांकडे जाणारं. आप्पा रविवारी आमच्याकडे आले की पत्र उलटंपालटं करून आधी छपाई बघायचे. जावयाची खुशाली मागून.

त्या नोव्हेंबरात आप्पांचा रविवार बुडायला लागला. पूर्व बंगालमधून जवळजवळ एक कोटी माणसं आपल्याकडे आली होती, आणि त्यांच्या मदतीसाठी १५ नोव्हेंबरपासून टपालावर पाच पैशांचं जादा तिकीट लावायचं ठरलं. नवं तिकीट निघेपर्यंत कुटुंबनियोजनाच्या पाच पैशांच्या तिकिटावरच 'रिफ्यूजी रिलीफ' असे शब्द छापून दिले गेले. आईनं ते इमानेइतबारे पत्रावर चिकटवलं. लाल त्रिकोण, आई, बाप आणि मुलं. उत्तरात दादांनी लिहिलं, "तुझा संदेश पोचला. सध्या त्याचं पालन आपसूकच होत आहे." हे वाक्य आजीनं मोठ्यानं वाचलं आणि मग एकदम गप्प झाली. जिन्यातल्या बायका पदर तोंडाला लावून खाली पळाल्या. मी सात वर्षांची होते. आई लाजून स्वयंपाकघरात गेली एवढंच मला दिसलं, कारण फार पुढे कळलं.

नोव्हेंबरपर्यंतची पत्रं अशीच आहेत. तंबूत दवाखाना. वीज नाही, म्हणून पायानं चालवायचं ड्रिल, शिंप्याच्या मशीनसारखं. दादा लिहितात, "दिवसभर पायडल मारून पोटऱ्या भरून येतात, दाढेपेक्षा डॉक्टरच जास्त कण्हतो." झिंक ऑक्साइड आणि लवंगेचं तेल कालवून केलेलं तात्पुरतं सिमेंट. शक्करपारे चावताना तुटलेले दात. तंबाखू सोडायला सांगितली तर "साब, दात काढा पण तंबाखू राहू द्या" म्हणणारे जवान. वाचताना वाटावं, माणूस जत्रेत दवाखाना मांडून बसलाय.

३ डिसेंबरला, शुक्रवारी संध्याकाळी, पाकिस्ताननं आपल्या विमानतळांवर हल्ला केला आणि युद्ध सुरू झालं. ओझरला मिग विमानांचा कारखाना, देवळालीला तोफखाना, नाशिकरोडला नोटांची प्रेस, त्यामुळे नाशिककरांना आपण नकाशावर ठळक आहोत असं वाटायला लागलं. खिडक्यांना काळे कागद लागले. मोटारींचे दिवे अर्धे काळे रंगवले गेले. आम्ही मुलं अंधारात रेडिओभोवती बसायचो, कारण त्याच्या पट्टीवरचा पिवळा उजेड तेवढाच काय तो. आजी त्याच्यावरही टॉवेल टाकायची.

देवळालीचा विषय निघालाच आहे तर सांगते. इंग्रजी राजवटीत मायदेशी जाणारे गोरे शिपाई देवळालीच्या छावणीत बोटीची वाट बघत महिनोन् महिने पडून राहायचे. वाट बघून बघून त्यांची डोकी फिरायची. 'डूलाली' म्हणजे वेडा, हा इंग्रजी शब्द आपल्या देवळालीवरून गेलेला आहे. आईला हे दादांनीच कधीतरी सांगितलं होतं. त्या डिसेंबरात तिसऱ्यांदा मिठाचा डबा शोधायला लागली की ती म्हणायची, "झाले मी डूलाली."

३ तारखेनंतर नऊ दिवस पत्र नाही. मग एक आलं, १२ डिसेंबरचं. मला विचाराल तर सबंध डब्यातलं हे खरं पत्र. त्यात युद्ध नाही, बंदूक नाही. दादांना मागच्या बाजूच्या एका मोठ्या इस्पितळात हलवलं होतं, तेही त्यात लिहिलेलं नाही. खुशालीनंतर सरळ प्रश्न आहे, "दात न उघडता पिता येईल, पोटाला आधार होईल, आणि दूध पावडर, डाळ, तांदूळ एवढ्यात होईल असं काय काय करता येतं? कपड्यातून गाळता आलं पाहिजे. सविस्तर लिही. सहा आठवडे पुरेल इतके प्रकार हवेत."

आजीनं वाचलं आणि म्हणाली, "याचंच पोट बिघडलेलं दिसतंय." जिन्यातल्या बायकांनाही तसंच वाटलं. आई मात्र पत्र हातात घेऊन उभीच राहिली. सहा आठवडे कुणाचं तोंड बंद राहणार होतं, हे तिला कळलं होतं.

जबड्यात गोळी किंवा तोफगोळ्याचा तुकडा घुसला की हाडाचे तुकडे होतात. ते जुळून यावेत म्हणून वरचे आणि खालचे दात एकमेकांना बारीक स्टीलच्या तारेनं बांधून टाकतात. तोंड बंद. जेवण पातळ, शेवटच्या दाढेमागच्या फटीतून किंवा पडलेल्या दाताच्या जागेतून नळीनं सोडायचं. हे काम दंतवैद्याचं. अशा जखमीला उताणा झोपवायचा नाही, रक्त आणि जीभ घशात जाऊन तो गुदमरतो. आणि उशाशी तार कापायची कात्री ठेवायचीच, कारण उलटी झाली तर तोंड उघडायला क्षणाचाही उशीर चालत नाही. हे सगळं दादांनी मला सांगितलं ते मी मोठी झाल्यावर, एका संध्याकाळी गंगापूर धरणावर फिरताना. पत्रात त्याबद्दल एकच विनोद आहे. "इथे मी लोकांची दातखिळी बसवतो. तारेनं."

आईनं त्या रात्री काळा कागद लावलेल्या खिडकीखाली कंदिलाची वात अगदी बारीक करून उत्तर लिहिलं. दादांनी तिची बाकीची पत्रं हरवली, कोण माणूस तळ हलवताना पत्रांचे गठ्ठे सांभाळणार? पण हे एक जपून परत आणलं. त्यावर दुधाचे आणि लवंगेच्या तेलाचे डाग आहेत. भाताची पेज, जिऱ्याची फोडणी वरून न घालता पाण्यातच उकळायची. मुगाचं कढण, साल राहू द्यायचं नाही. तांदूळ भाजून केलेली कांजी. आणि मग नागलीची आंबील. नाचणी म्हणतात ती, आपण नाशिककर नागली म्हणतो. पीठ रात्री पाण्यात कालवून ठेवायचं, सकाळी आंबूस वास आला की उकळत्या पाण्यात धार धरून ओतायचं, हात थांबवायचा नाही, गुठळी झाली तर नळी तुंबेल. गार झाल्यावर ताक आणि मीठ. 'नळी' हा शब्द दादांनी लिहिलेला नव्हता.

दादांचं उत्तर आलं, "बाकी सर्व झाले. नागली इथे कुठली?"

झालं! आजीनं जातं मांडलं. पीठ, कापडात शिवलेलं पार्सल, त्यावर लाखेचं सील. मधल्या काळात, ही पत्रं जात-येत असतानाच, १६ डिसेंबरला, गुरुवारी, ढाक्यात जनरल नियाझींनी जनरल अरोरांपुढे शरणागतीच्या कागदावर सही केली. ९३ हजार युद्धकैदी. वाड्यात पेढे वाटले गेले. युद्ध संपलं तरी आई पार्सल शिवतच होती.

जानेवारीत एका पत्रात दुसरीच भानगड. एका कैदी अधिकाऱ्याची कवळी पळापळीत हरवली होती, आणि ती करून द्यायचं काम दादांकडे आलं. ते लिहितात, "जिनिव्हा कराराच्या तिसाव्या कलमात चष्म्याबरोबर कवळीचंही नाव आहे. खर्च आपल्या सरकारचा. याच कैद्याला महिन्याला दोन पत्रं आणि चार कार्डं घरी लिहायची मुभा आहे. माझ्यापेक्षा नियमित लिहितो." आजीला याचा भयंकर राग आला. कारण आजीच्या तोंडाचं बोळकं झालेलं होतं आणि दादा दोन वर्षं 'पुढच्या रजेत करतो' म्हणत होते. "शत्रूला कवळी आणि आईला बोळकं!" तिनं हे माझ्याकडून पोस्टकार्डावर लिहून घेतलं. माझ्या आयुष्यातलं पहिलं पत्र.

पार्सल जानेवारीच्या मध्यावर पोचलं. दादांनी लिहिलं की वॉर्डातल्या एका पोरानं, एकोणीस-वीस वर्षांचा असेल, बिहारकडचा, वाटीचा वास घेतला आणि बांधलेल्या दातांतून काहीतरी पुटपुटला. तिसऱ्यांदा कळलं. "मडुआ." त्याच्या गावी नागलीला मडुआ म्हणतात. त्यानंतर त्यानं पेजेला तोंड लावलं नाही, रोज मडुआच.

महिनाअखेर त्याच्या तारा निघाल्या. सहा आठवडे मिटलेलं तोंड एकदम उघडत नाही, स्नायू आखडतात. दंतवैद्य ते बोटांनी मोजतात. उभी तीन बोटं तोंडात गेली की माणूस बरा. तिथून पुढच्या पत्रांत आजीच्या गुडघ्यांच्या आधी हाच मजकूर. "आज एक बोट." मग आठ दिवसांनी "दीड. रडला." मग "दोन बोटं, भातात डाळ कालवून खाल्ली." आमच्या वाड्यात पत्र आलं की जिन्यातून पहिला प्रश्न यायचा, "किती बोटं?" आम्ही मुलं एकमेकांच्या तोंडात बोटं घालून मापं काढायचो आणि मार खायचो.

मार्चमधलं शेवटचं पत्र अगदी छोटं आहे. रजा मंजूर झाली होती. "तीन बोटं. पोळी चावून खाल्ली, अर्धी. आता पीठ पाठवू नकोस. ती. आईच्या मापाचं मेण घेऊन येतो."

पण आजीनं तोवर आणखी दोन पायली दळून ठेवली होती. त्या चैत्रात आम्ही सकाळ-संध्याकाळ आंबील प्यायलो. दादासुद्धा.