भुलीच्या अलीकडे, भुलीच्या पलीकडे

सकाळचे साडेआठ. परळमधल्या एका रुग्णालयात पित्ताशयाच्या शस्त्रक्रियेसाठी आलेल्या आजी टेबलावर निजल्या आहेत. हातातल्या सलाइनच्या नळीतून दुधासारखे पांढरे औषध सोडताना भूलतज्ज्ञ त्यांना बोलते ठेवतात. “आजी, राहता कुठे?” “लालबागला. चिवडा गल्लीच्या मागे आमची...” वाक्य तिथेच तुटते.

या औषधाचे नाव प्रोपोफॉल. ते मेंदूतल्या चेतापेशींवरच्या ‘गाबा’ ग्राहींना, म्हणजे पेशींना शांत करणारे रासायनिक संदेश घेणाऱ्या जागांना, चिकटते, त्यामुळे पेशींमध्ये क्लोराइडचे आयन शिरतात आणि पुढच्या पेशीला संदेश धाडण्याची त्यांची तयारी कमी होते. १६ ऑक्टोबर १८४६ रोजी बॉस्टनमध्ये ईथरच्या भुलीचे जाहीर प्रात्यक्षिक झाले, तेव्हापासून आजवर या शास्त्राने एवढी मजल मारली आहे की, कोणत्या वजनाच्या माणसाला किती औषध द्यावे, हे भूलतज्ज्ञ चांगलेच जाणतात. पेशींमधली कुजबुज मंदावली, हे समजले. पण त्याबरोबर आजींच्या मनातले लालबाग का मावळले, याचे सर्वमान्य उत्तर अद्याप कोणाकडेही नाही.

मेंदूचे रंगीत नकाशे आपण वर्तमानपत्रांत पाहतो. ते बहुधा फंक्शनल एमआरआयचे असतात, आणि हे यंत्र विचार पाहत नाही. एखाद्या भागातील रक्तात प्राणवायूचे प्रमाण किती बदलले, एवढेच ते मोजते. त्याच्या चित्रातला एकेक ठिपका साधारण तीन मिलिमीटर बाजूचा असतो आणि त्यात काही लाख चेतापेशी मावतात. शिवाय पेशी कामाला लागल्यावर रक्तप्रवाहाचा प्रतिसाद शिगेला पोहोचायला पाच-सहा सेकंद जातात. दादर स्थानकाचे विजेचे मीटर वाचून, संध्याकाळच्या गर्दीत फलाटावर कोण कोणाला काय सांगत आहे हे ओळखण्यासारखेच हे काम आहे. गर्दी कधी वाढली ते मीटरवरून नक्की कळेल. संभाषण कळणार नाही.

यंत्रे सुधारतील, ही मर्यादा मागे हटेल, असे म्हणता येते आणि ते खरेही आहे. परंतु एका किड्याची गोष्ट इथे सांगायला हवी. सी. एलिगन्स हा जेमतेम एक मिलिमीटर लांबीचा सूत्रकृमी. त्याच्या मज्जासंस्थेत चेतापेशी अवघ्या ३०२, आणि त्यांच्या जोडण्यांचा नकाशा १९८६ मध्येच प्रसिद्ध झाला. तरीही तो नकाशा समोर ठेवून हा किडा पुढच्या क्षणी कुठे वळेल, हे खात्रीने सांगता येत नाही. कारण जोडण्यांच्या जाळ्याबाहेरूनही रसायने झिरपत असतात आणि त्याच जोडण्यांचे वागणे बदलत राहतात. माणसाच्या मेंदूत अशा पेशी सुमारे ८,६०० कोटी आहेत.

दुसरी मर्यादा निराळ्या जातीची आहे: पेशींची हालचाल मोजता आली, तरी तिच्यातून जाणीव कशी उमटते, हे कळत नाही. १९९८ मध्ये मेंदूशास्त्रज्ञ क्रिस्टॉफ कॉख यांनी तत्त्वज्ञ डेव्हिड चाल्मर्स यांच्याशी पैज लावली की, जाणिवेमागची मेंदूतली यंत्रणा २५ वर्षांत हाती लागेल. २०२३ मध्ये न्यूयॉर्कमधल्या परिषदेत कॉख यांनी हार मान्य केली, वाइनच्या बाटल्यांची पेटी चाल्मर्स यांच्या स्वाधीन केली आणि पुढच्या २५ वर्षांसाठी पुन्हा पैज मांडली. आमच्या मते या हरण्यात कमीपणा काहीच नाही. आपण कुठवर आलो, हे एवढ्या स्वच्छपणे सांगणारी शास्त्रे थोडीच. ‘आपण मेंदूचा फक्त १० टक्केच भाग वापरतो’ असे धादांत खोटे सांगून शिबिरांचे शुल्क गोळा करणाऱ्यांनी मात्र या मोकळ्या जागेत दुकाने थाटली आहेत.

आजींच्या कपाळावर एक पट्टी चिकटवलेली आहे. ती मेंदूच्या विद्युतलहरी टिपते आणि यंत्र त्यांवरून शून्य ते शंभरमधला एक आकडा काढते. शस्त्रक्रिया चालू असताना तो चाळीस ते साठच्या दरम्यान असावा, असा संकेत आहे. हा आकडा म्हणजे लहरींवरून बांधलेला अंदाज, त्यामुळे भूलतज्ज्ञ केवळ त्यावर विसंबत नाहीत; नाडी, रक्तदाब, श्वास यांवरही त्यांची नजर असते.

टाके घातले गेले. औषध थांबले. आकडा अठ्ठावन्नवरून एकाहत्तरवर, मग चौऱ्याऐंशीवर येतो. पापण्या हलतात.

“आजी, ऐकू येतंय का?”

“हो. कधी सुरू करणार?”