बंदुकीची निळाई आणि बॅटरीचं पाणी

मघाशी चहाच्या वेळी एका शेतकऱ्यांनी विचारलं, "वडिलांच्या दुनळी बंदुकीवरचा निळा रंग उडालाय, तांबेरा धरलाय. स्वस्तात स्वस्त काय होईल?" मी म्हटलं, उकळतं पाणी. त्यांना वाटलं मी थट्टा करतोय.

मुळात ती निळाई रंग नव्हेच, गंजच आहे. तांबडा गंज तुमच्या ओळखीचा. कोकणात राहून तो कुणाला सांगायला नको. तो फुगतो, त्याचे पोपडे सुटतात आणि खालचं लोखंड पुन्हा उघडं पडतं. पण लोखंडावर काळा गंजही चढवता येतो. त्याला मॅग्नेटाइट म्हणतात. तो फुगत नाही, घट्ट बसून राहतो. नळीवर त्याचा एक-दोन मायक्रॉनचा, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागाएवढा थर असतो आणि चकचकीत घासलेल्या पोलादावर तो निळसर दिसतो. ॲलन बोल्ट काळा असतो तो यामुळेच. आम्ही टूलरूमवाले त्याला ब्लॅकोडायझिंग म्हणतो. हा थर एकटा काही अडवत नाही. तो तेल धरून ठेवतो आणि गंजाशी झुंजतं ते तेल.

आता एक गोष्ट आधीच सांगून टाकतो. अमेरिकेत माणूस स्वतःची बंदूक घरच्या गॅरेजमध्ये निळी करतो, म्हणून तिथे या कामाच्या बाटल्या दुकानात मिळतात. आपल्याकडे शस्त्र अधिनियम 1959 च्या कलम 5 प्रमाणे दुरुस्तीलाही परवाना लागतो. शेतीसंरक्षणाचा परवाना म्हणजे बंदूक बाळगायचा परवाना, ती सोलून काढायचा नव्हे. पुसणं आणि तेल लावणं आपलं, बाकी काम परवानाधारक कारागिराचं. आणि कलम 8 विसरू नका. बफच्या चाकावर पॉलिश करताना बंदुकीवरचा नंबर पुसट झाला, तर "साहेब, बफ जास्त फिरला" हे कुणी ऐकून घेणार नाही. मग मी हे सगळं का सांगतोय? कारागिरापुढे बसल्यावर काय मागायचं आणि कशाला नको म्हणायचं, हे कळावं म्हणून.

सगळ्यात स्वस्त दिसतं ते कोल्ड ब्ल्यू. बाटलीतलं औषध कापडाने पुसलं की मिनिटभरात नळी काळी. पण हे मॅग्नेटाइट नाही. त्यात सेलेनियम आणि तांब्याचे क्षार असतात, त्यांचा काळा लेप बसतो. घोड्याच्या कडेला किंवा स्क्रूच्या डोक्यावर खरचटलं असेल तर उत्तम. पूर्ण नळीवर लावलंत तर ढगाळ डाग उठतात आणि हाताच्या घर्षणाने वर्षभरात पांढरं लोखंड डोकावायला लागतं. सेलेनियम विषारी आहे, हातमोजे हवेतच. हौस असेल तर जुन्या पान्ह्यावर करून बघा. ॲसिटोनने तेलाचा अंश काढा, पान्हा थोडा कोमट करा, मग औषध लावा. बोटाचा एक ठसा राहिला तरी तो कायमचा उमटतो.

दुसरी हॉट ब्ल्यूइंग. आज कारखान्यात बहुतेक हीच चालते. कॉस्टिक सोडा आणि नायट्रेटचं पाणी 140 अंशांच्या आसपास उकळत ठेवायचं, पाऊण तासात माल तयार. ज्याच्याकडे टाक्या आहेत त्याला नगामागे हे स्वस्त पडतं. पण उकळत्या टाकीत गार पाणी ओतलं तर ते तापल्या तेलातल्या थेंबासारखं उडतं, फक्त इथे तेलाऐवजी कॉस्टिक अंगावर येतं. ॲल्युमिनियमचा भाग आत पडला तर तो विरघळतोच. आणि दुनळी? दोन नळ्या आणि मधली पट्टी डाखाने, म्हणजे सोल्डरने, जोडलेल्या असतात. कॉस्टिक तो डाख खातं, पट्टीखाली शिरून बसतं आणि महिन्यांनी पांढरं होऊन बाहेर येतं. एखादा कारागीर तुमची दुनळी टाकीत घालतो म्हणाला, तर उचला आणि घरी या.

दुनळीला चालते ती जुनी रीत, रस्ट ब्ल्यूइंग. इंग्लंड-जर्मनीतले चांगले बंदूकवाले हीच वापरत आले. आधी नळी घासून तेलाचा मागमूस काढायचा. मग सौम्य आम्लाचं औषध पातळ पुसून दमट पेटीत ठेवायची. काही तासांत मखमलीसारखा तांबडा गंज येतो. तो आला की नळी उकळत्या डिस्टिल्ड पाण्यात, म्हणजे आपल्या बॅटरीच्या पाण्यात, वीसेक मिनिटं बुडवायची. डोळ्यांदेखत तांबडं काळं होतं. मग बारीक स्टील वूलने (पोलादी तारेच्या काथ्याने) वरची भुकटी झाडायची आणि पुन्हा पहिल्यापासून. पाच-सहा वेळा, कधी दहा वेळा. पाणी 100 अंशांवर थांबतं म्हणून डाखाला धक्का नाही. खर्च काय? थोडं औषध, पाणी आणि एक आठवडा. दमट पेटीला परदेशात दिवे आणि पाण्याची भांडी लागतात. सावंतवाडीत जुलै महिना पुरतो.

पार्करायझिंगही आहे. कॉस्लेट नावाच्या इंग्रजाने 1906 मध्ये फॉस्फेटच्या लेपाचं पेटंट घेतलं, पुढे अमेरिकेत पार्कर कंपनीने ते वाढवलं, आणि दुसऱ्या महायुद्धातल्या अमेरिकन सैन्याच्या गॅरंड रायफली त्यानेच करड्या झाल्या. टिकाऊ, तेल भरपूर पिणारं. पण वडिलांच्या दुनळीवर ते लष्करी गणवेशासारखं दिसेल. स्प्रे रंगाबद्दल बोलायलाच नको.

आता पैशांचं. औषध कुठलंही असो, बिलाचा मोठा भाग घासण्याचा असतो. काळा थर एक-दोन मायक्रॉनचा, तो खालचा एकही ओरखडा झाकत नाही, उलट उठून दाखवतो. म्हणून स्वस्तात करतो म्हणणारा बफच्या चाकावर नळी धरतो. मग अक्षरं बुजतात, स्क्रूच्या भोकांच्या कडा बशीसारख्या खोलगट होतात, सरळ धार गोल होते. हे परत येत नाही. लाकडी ठोकळ्यावर पॉलिश पेपर गुंडाळून हाताने घासणारा भेटला, तर त्याच्याशी पैशांची घासाघीस करू नका.

आणि त्या गृहस्थांच्या दुनळीचं म्हणाल तर मी ती चहाच्या वेळी पाहिली. जुनी निळाई निम्मी शिल्लक आहे, वर तांबेऱ्याचे ठिपके, खड्डे नाहीत. तिला घासायचंच नाही. कारागिराला सांगा, नळ्या नुसत्या बॅटरीच्या पाण्यात उकळ, तेल काढलेल्या स्टील वूलने झाड, परत उकळ. तांबेरा होता तिथेच काळा होऊन बसेल आणि जुनी निळाई तशीच राहील. मग तेल, आणि ती चामड्याची पिशवी बाजूला. चामडं ओल धरतं. यंदा बंदूक पिशवीबाहेर ठेवा.