ठराव मुंबईत, तळं महाडात

मंडळी, पत्रिकेत विषय छापलाय ‘सुरेंद्रनाथ टिपणीस: नगराध्यक्ष ते आमदार’. आमदारकीकडे येतोच, आधी महाडच्या चवदार तळ्यापाशी जरा रेंगाळू द्या.

4 ऑगस्ट 1923 ला सीताराम केशव बोल्यांनी मुंबईच्या कौन्सिलात, म्हणजे तेव्हाच्या कायदेमंडळात, ठराव आणला. सरकारी पैशावर चालणारे पाणवठे, धर्मशाळा, शाळा, दवाखाने अस्पृश्यांना खुले करा. मंजूर झाला. बोल्यांना शंभर टक्के मान. पण कौन्सिलात हात वर करणारा माणूस सभा संपली की मोकळा. तो कागद ज्या गावात पोचतो तिथल्या अध्यक्षाला मात्र संध्याकाळी त्याच बाजारपेठेतून घरी जायचं असतं. माझं सगळं म्हणणं एवढंच, आणि मिळेल त्या सभागृहात मी ते सांगत सुटतो. (हशा) हसा, पण ऐका.

महाड नगरपालिकेने जानेवारी 1924 मध्ये तळं खुलं केलं. कागदावर. तीन वर्षं तळ्याला कोणी अस्पृश्य शिवला नाही, तोवर ठराव सुखाने फाइलीत पडून होता. पुढच्या रांगेतले माजी नगरसेवक मान डोलावतायत. अशा फाइली त्यांच्या ओळखीच्या असणार.

मग 20 मार्च 1927. महाडच्या अस्पृश्य परिषदेला आलेले लोक बाबासाहेबांच्या मागून तळ्यावर गेले, पाणी प्यायले. परिषदेच्या पाठीशी महाडचे नगराध्यक्ष टिपणीस होते, अनंतराव चित्रे होते, सहस्रबुद्धे होते. परिषदेच्या लोकांना पुढे झालेली मारहाण आणि सवर्णांनी 108 घागरींनी केलेलं तळ्याचं ते ‘शुद्धीकरण’ तुम्हाला पाठ आहे. ज्याची मला अजून चीड येते ते वेगळंच. 4 ऑगस्ट 1927 ला, बोल्यांच्या ठरावाला बरोबर चार वर्षं होत असताना, महाड नगरपालिकेने आपला ठराव मागे घेतला! पाणी कोणी पीत नव्हतं तोवर ठराव चालला, प्यायल्यावर चालेना. आणि या सगळ्यात गावात राहून बाजू घेणाऱ्या टिपणिसांना आपल्या पुस्तकांत किती जागा? बहुधा एक ओळ. तीही चित्र्यांबरोबर वाटून घेतलेली.

चिठ्ठी आली. पाच मिनिटं म्हणतात, म्हणजे तीन.

तर आमदारकी. 1937 ला टिपणीस बाबासाहेबांच्या स्वतंत्र मजूर पक्षाकडून मुंबई विधानसभेत गेले. त्याच वर्षीच्या मार्चमध्ये तळ्याच्या पाण्यावरच्या हक्काचा दावा उच्च न्यायालयात अस्पृश्यांच्या बाजूने लागला. सप्टेंबरात बाबासाहेबांनी खोती, म्हणजे गावचा सारा गोळा करणाऱ्या खोतांची कुळांवरची सत्ता, रद्द करण्याचं विधेयक मांडलं. जानेवारी 1938 मध्ये हजारो कुळं मोर्चाने मुंबईत आली. विधेयक काही पार पडलं नाही. खोती गेली ती 1949 च्या कायद्याने. आता हे बघा, कोकणातल्या खोतांत ब्राह्मण, मराठे, मुसलमान होते, तसे टिपणिसांच्याच ज्ञातीतले कायस्थ प्रभूही होते. म्हणजे विधानसभेत जाऊनही गाठ पुन्हा घरच्यांशी आणि शेजाऱ्यांशीच! यावर खरं तर तासभर हवा होता. प्रश्न असतील त्यांनी बाहेर गाठा, पुढच्या वक्त्या केव्हाच्या घड्याळ बघतायत.