एक ओळ खाली

पडद्यावरची ही रेघ नीट पाहा. जिन्यासारखी पायऱ्यापायऱ्यांनी खाली उतरते आहे. तिची उंची म्हणजे त्या त्या वेळी अजून ठीक असलेल्या रुग्णांचं प्रमाण. कॅन्सरच्या औषधांवरच्या बहुतेक शोधनिबंधांत ती भेटतेच. प्रत्येक पायरीवर कुणाचा तरी आजार बळावलेला असतो, किंवा कुणीतरी गेलेलं असतं. आणि रेघेवरच्या या बारीक उभ्या खुणा? ही माणसं शेवटची भेटली तेव्हा ठीक होती. पुढे अभ्यास संपला, किंवा ती तपासणीला आलीच नाहीत. त्यांना हिशेबात धरायचं कसं? वगळलं तर उत्तर चुकतं, बरी झाली असं मानलं तरी चुकतं.

हा पेच दोघांनी स्वतंत्रपणे सोडवला. पॉल मायर यांच्यापुढे रुग्ण होते. एडवर्ड कॅप्लन यांच्यापुढे होत्या समुद्राखालच्या टेलिफोन केबलमधल्या व्हॅक्यूम ट्यूब! ट्यूब किती टिकेल आणि माणूस किती जगेल, दोन्हींचं गणित एकच निघालं. नियतकालिकाच्या संपादकांनी दोघांना एकत्र लिहायला लावलं आणि १९५८ साली तो निबंध छापून आला. तेव्हापासून ही रेघ कॅप्लन-मायर यांच्या नावानं ओळखली जाते.

आता दोन रेघा. २००९ साली प्रसिद्ध झालेली ‘आयपास’ ही ट्रायल, म्हणजे रुग्णांवर औषधं ताडून पाहणारी चाचणी. पूर्व आशियातले फुफ्फुसाच्या कॅन्सरचे १,२१७ रुग्ण, बहुतेकांनी कधी सिगारेट ओढलेली नाही. निम्म्यांना केमो, निम्म्यांना जेफिटिनिबची गोळी. पहिले काही महिने केमोची रेघ वर राहते, मग दोन्ही एकमेकींना छेदतात आणि पुढे गोळीची रेघ वर राहते.

अशी फुली दिसली की जैवसंख्याशास्त्रज्ञाच्या, म्हणजे वैद्यकातली आकडेमोड करणाऱ्याच्या, मनात शंका येते. एकाच रांगेत दोन वेगळे आजार तर उभे नाहीत ना?

तसंच होतं. ४३७ रुग्णांच्या गाठींची ईजीएफआर या पेशींच्या वाढीशी संबंधित जनुकासाठी तपासणी झालेली होती. २६१ जणांत बदल सापडला. त्यांच्यात गोळीनं आजार बळावण्याचा धोका केमोच्या तुलनेत निम्म्याहून खाली आणला. उरलेल्यांत चित्र उलटं होतं, गोळी घेणाऱ्यांचा धोका जवळजवळ तिप्पट. सरासरीनं या दोन्ही गोष्टी पोटात घातल्या होत्या. ‘ज्याला त्याला त्याचं औषध’ म्हणतात ते हेच. पण एका रुग्णाला औषध निवडून द्यायला आधी शेकडो रुग्ण मोजावे लागतात, हे सहसा कुणी सांगत नाही.

एका जनुकाची ही गोष्ट. माणसाच्या पेशीत प्रथिनं घडवणारी जनुकं वीस हजारांच्या आसपास आहेत. सगळी एकेक करून तपासली आणि पाच टक्के चूक चालेल असं ठरवलं, तर कशाचाच कशाशी संबंध नसतानाही हजारभर जनुकं ‘महत्त्वाची’ ठरतील. निव्वळ योगायोगानं.

अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठातून २००६ साली एक दावा आला: गाठीतल्या जनुकांवरून कोणती केमो लागू पडेल ते सांगता येतं. ह्यूस्टनच्या एमडी अँडरसन या कॅन्सर रुग्णालयातल्या डॉक्टरांना ही पद्धत वापरायची होती, म्हणून त्यांनी आपल्याच संस्थेतल्या कीथ बॅगर्ली आणि केव्हिन कूम्ब्स या जैवसंख्याशास्त्रज्ञांना ती तपासायला दिली. आकडे जुळेनात. दोघं उलटे चालत गेले, निकालापासून मूळ तक्त्यापर्यंत. आणि तिथं काय सापडावं? जनुकांची यादी एक ओळ खाली सरकलेली. प्रत्येक आकड्यासमोर शेजारच्या जनुकाचं नाव! काही ठिकाणी तर औषधाला दाद देणाऱ्या आणि न देणाऱ्या पेशींच्या चिठ्ठ्यांचीच अदलाबदल.

मला ही चूक गुंतागुंतीच्या कुठल्याही गणितापेक्षा जास्त घाबरवते. ती करायला अडाणी असावं लागत नाही.

२००७ पासून याच पद्धतीच्या भरवशावर खऱ्या रुग्णांना केमो ठरवून दिली जात होती. बॅगर्ली आणि कूम्ब्स यांनी २००९ साली सगळं छापून मांडलं, तरी त्या ट्रायल कायमच्या बंद व्हायला २०१० उजाडलं. मग मूळ निबंध मागे घेतले गेले. २०१२ साली अमेरिकेच्या इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिन या सल्लागार संस्थेनं शिफारस केली: अशी चाचणी रुग्णांवर नेण्याआधी तिचं गणित पूर्ण लिहून पक्कं करा, नंतर त्यात हात घालू नका; आणि डेटा, प्रोग्रॅम दुसऱ्यांना तपासायला खुले ठेवा.