जाहिरात अडते ती कुठे?

डिसेंबर १९८३. अ‍ॅपलच्या संचालक मंडळाने ६० सेकंदांची एक जाहिरात पाहिली. मॅकिंटॉश हा नवा संगणक बाजारात येणार होता, पण जाहिरातीत तो प्रत्यक्ष दिसत नव्हता. मंडळाला ती पसंत पडली नाही. सुपर बोल या अमेरिकन फुटबॉलच्या अंतिम सामन्यात जाहिरातीसाठी घेतलेली वेळ विकून टाका, असं शायट-डे या एजन्सीला सांगण्यात आलं. एजन्सीने ३० सेकंदांचा भाग विकला. ६० सेकंदांचा हातात राहिला. म्हणून २२ जानेवारी १९८४ला ती जाहिरात दिसली.

मंडळातली माणसं अजाण नव्हती. गाठ मंजुरीच्या रचनेतच असते. स्क्रिप्ट ब्रँड मॅनेजरकडून मार्केटिंग प्रमुखाकडे, तिथून कायदा विभागाकडे, मग वर जाते. वाटेतला प्रत्येक जण 'नाही' म्हणू शकतो. 'हो' म्हणायचा अधिकार फक्त शेवटच्याला. फसलेल्या जाहिरातीचा जाब विचारतात, नाकारलेल्या कल्पनेचा नाही.

सरळ नकार एकवेळ परवडला. खरा घात करतात त्या किरकोळ दुरुस्त्या. लोगो पहिल्या ५ सेकंदांत आणा, शेवटी ऑफर जोडा, मधली शांतता काढा. सुटी सुटी पाहिली तर प्रत्येक सूचना रास्त. पाचव्या फेरीनंतर मूळ कल्पना उरत नाही, आणि जाहिरात पडली की खापर मात्र धाडसावर फुटतं.

चित्रीकरणाआधीच्या चाचणीत प्रेक्षकांना बहुतेकदा अ‍ॅनिमॅटिक, म्हणजे रेखाचित्रं जोडून केलेला कच्चा व्हिडिओ, दाखवतात. संवादांवर चालणारी स्क्रिप्ट त्यात तरते. अभिनय आणि संगीतावर उभी असलेली कोसळते. कॅडबरीची २००७ची ९० सेकंदांची जाहिरात आठवा: गोरिला ड्रम वाजवतो, चॉकलेट दिसतं ते अगदी शेवटी. अशा कल्पनेचं बळ रेखाचित्रात उतरत नाही. ती मूळ संगीतावर जुळवलेल्या दृश्यांतूनच दाखवावी.

बरंचसं काम सादरीकरणाच्या आधीच व्हायला हवं. ब्रीफमध्ये, म्हणजे एजन्सीला काम देताना लिहिलेल्या टिपणात, उद्दिष्ट एकच, आणि त्यावर अंतिम निर्णय घेणाऱ्याची सही. स्क्रिप्टच्या पहिल्या वाचनाला तोच माणूस समोर हवा, कारण मध्यस्थाच्या तोंडून कल्पना अर्धीच पोहोचते. धोका आपणच मांडावा: कोण दुखावेल, तक्रारीला उत्तर काय, मागे घ्यायची वेळ आली तर किती तासांत. कायदा विभागाला 'चालेल का' विचारलं की उत्तर बहुधा 'नको' येतं. 'कोणतं वाक्य अडतं, आणि ते कसं लिहिलं तर चालेल?' असं विचारावं. दुरुस्त्या दोनच फेऱ्यांत, लेखी, एकाच माणसामार्फत याव्यात. आणि कोणत्या गोष्टीला हात लावायचा नाही, हे पहिल्या फेरीआधीच लिहून ठेवावं.